गावची फेरी : गाडीआधी वेळापत्रक



सीताफळाच्या हंगामात अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर आम्ही शिवारफेरी घेतली होती. विषय होता फळांची तोडणी, प्रतवारी आणि हाताळणी. दुपारी तीनच्या सुमारास, प्रतवारीचे प्रात्यक्षिक ऐन रंगात आले असताना, निम्म्या महिला उठून निघाल्या. शेवटची जीप सुटण्याची वेळ झाली होती. राहिलेल्यांपैकी एका वयस्कर शेतकऱ्याने सांगितले की, फळ केव्हा तोडायचे हे आम्ही झाडाकडे पाहून ठरवीत नाही, गाडी केव्हा येणार ते पाहून ठरवितो.

हे ऐकून आमचे व्याख्यान अपुरे होते हे लक्षात आले. सीताफळ तोडल्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत पिकते. त्यात एक दिवस गाडीची वाट पाहण्यात गेला तर फळ टोपलीतच मऊ पडते आणि मिळेल त्या भावाने द्यावे लागते. सुधारित जात, छाटणी, खत यांवर केलेला खर्च शेवटच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये वाया जातो. म्हणून वाहतूक हा विषय शेतीबाहेरचा समजून चालणार नाही.

काही देशांत खेड्यांतील लोक स्वयंसेवेने प्रवासी गाडी चालवितात. ती पद्धत कशी चालते, आपल्या जिल्ह्यात तिच्यातील काय घेता येईल आणि काय घेता येणार नाही, याची माहिती या लेखात दिली आहे.

अडचण नेमकी कोणती?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. सहा तालुक्यांपैकी नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूर या भागांत सपाटीवरील रस्ते तुलनेने बरे आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचा मोठा भाग मात्र सातपुड्याच्या डोंगरात आहे. येथे गाव म्हणजे एक वस्ती नसते. एकाच महसुली गावाचे पाडे एक-दोन ते चार-पाच किलोमीटर अंतरावर विखुरलेले असतात. बस मुख्य गावात किंवा फाट्यावर येते. तेथपर्यंत डोक्यावर ओझे घेऊन चालत यावे लागते.

मग प्रवासी मिळेल त्या वाहनाने जातात. जीपच्या टपावर, पिकअपच्या हौद्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसतात. त्याची किंमत आपण मोजली आहे. २०२१ मध्ये तोरणमाळ परिसरातील घाटांत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदशैली घाटात, अस्तंबा यात्रेहून परतताना, प्रवाशांनी भरलेली वाहने दरीत कोसळून अनेक माणसे दगावली. सप्टेंबर २०२१ मध्ये याच चांदशैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला असताना एका आजारी महिलेला तिच्या पतीने खांद्यावर घेऊन पायी न्यावे लागले आणि ती वाटेतच मरण पावली.

या परिस्थितीत गावोगावी एकच उपाय सुचविला जातो : वर्गणी काढून गाडी घेऊ. सूचना चांगल्या हेतूची आहे. परंतु गाडी घेतल्याने अडचण सुटतेच असे नाही. डोंगरी भागात वाहने अगदीच नाहीत असे नव्हे. नाही ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, भरो अगर न भरो, सुटणारी फेरी. जीपवाला गाडी भरेपर्यंत थांबतो, कारण रिकामी गाडी त्याला परवडत नाही. आपल्याला हवी आहे ती फेरीची खात्री. ती कशी निर्माण होते हे आधी पाहू.

लोकांनी चालविलेली बस : इतर देशांतील पद्धत

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यात नॉरफोक परगण्यात असा प्रयोग झाला. खेड्यांतील मोटारी वाढल्या तसे बसचे प्रवासी घटले आणि बसकंपन्यांनी फेऱ्या कमी केल्या. त्रास झाला तो ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांना, म्हणजे वृद्ध, गृहिणी आणि विद्यार्थ्यांना. तेव्हा गावातील लोकांनी पाळीपाळीने लहान बस चालविण्यास सुरुवात केली. पुढे १९८५ च्या वाहतूक कायद्याने अशा विनानफा सेवेसाठी स्वतंत्र परवान्याची तरतूद झाली.

नेदरलँड्समध्ये १९७७ पासून 'शेजारबस' या अर्थाच्या नावाने अशीच सेवा सुरू झाली. जर्मनीत १९८५ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातील हेक आणि लेग्डन या गावांदरम्यान पहिली 'नागरिक बस' धावली. ही गाडी चालकाशिवाय आठ प्रवाशांची असते. आठ प्रवाशांपर्यंतच्या गाडीसाठी तेथे मोठ्या बसचा परवाना लागत नाही, त्यामुळे निवृत्त शिक्षक, शेतकरी, गृहिणी असे कोणीही आठवड्यातून एखादी पाळी करू शकतात.

ही सेवा केवळ स्वयंसेवकांच्या उत्साहावर चालत नाही. जर्मनीतील पद्धतीत कामाची वाटणी तीन ठिकाणी केलेली आहे.

१) गावकऱ्यांची संस्था : चालक मिळविणे, पाळ्या लावणे, वेळापत्रक पाळणे.

२) नियमित बसकंपनी : मार्गाचा परवाना, चालकांना सूचना व प्रशिक्षण, कायदेशीर जबाबदारी.

३) शासन व स्थानिक संस्था : गाडी खरेदीस अनुदान आणि वर्षअखेर येणारी तूट भरून देणे.

श्रम गावाचे, परवाना कंपनीचा आणि तुटीची हमी शासनाची, अशी ही रचना आहे. यातील एक पाय काढला तर तिवई उभी राहत नाही.

शेजारच्या राज्यातील एक अनुभव

कर्नाटकातील चिक्कमगळूरु जिल्ह्यात कोप्पा येथे एक खासगी बसकंपनी बंद पडल्यावर तिच्या कामगारांनी १९९१ मध्ये स्वतःची सहकारी वाहतूक संस्था काढली. 'सहकार सारिगे' या नावाने तिच्या गाड्या मलनाडच्या डोंगराळ भागात धावत. लहान गावांना सेवा देणे आणि विद्यार्थ्यांना सवलत देणे यामुळे संस्था लोकांच्या मनात बसली. तथापि डिझेल व सुट्या भागांचे वाढते दर आणि वाढत गेलेला तोटा यांमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये तिची सेवा थांबली.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सामान्य माणसे एकत्र येऊन जवळजवळ तीन दशके बससेवा चालवू शकतात, ही पहिली. लोकांच्या प्रेमाने डिझेल येत नाही आणि सवलतीचा भार उचलणारा कोणी मागे नसेल तर चांगली संस्थाही थकते, ही दुसरी.

आपल्याकडील अर्धी तयारी : मुक्कामी गाडी

आपल्याकडे तिवईचे दोन पाय आधीच आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली बस धावली, तेव्हापासून एस.टी. ही ग्रामीण महाराष्ट्राची गाडी आहे. तिच्याकडे परवाना आहे, प्रशिक्षित चालक आहेत, विमा व जबाबदारी आहे. सवलतींच्या रकमेची भरपाई शासन महामंडळास करते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाली. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बस मुलींच्या शाळेच्या वेळेसाठीच आहेत.

तिसरा पाय म्हणजे गाव. त्याचीही परंपरा आहे. मुक्कामी गाडी आपल्या सर्वांना माहीत आहे. संध्याकाळी आगारातून निघालेली बस गावात येते, रात्री तेथेच थांबते आणि पहाटे परत निघते. चालक-वाहकाला झोपण्यास खोली, दिवा, पाणी, कधी कोणा घरची भाकरी, हे गाव देते. या गाडीचा फायदा मोठा आहे. सकाळची पहिली फेरी गावातूनच सुटते, त्यामुळे विद्यार्थी शाळेच्या वेळेत आणि भाजीपाला लिलावाच्या वेळेत पोहोचतो. आगारातून पहाटे रिकामी गाडी पाठवावी लागत नाही, म्हणून महामंडळालाही ती सोयीची पडते.

जेथे खोलीचे छप्पर गळते, दिवा नसतो, स्वच्छतागृह नसते, रात्री कोणी दारू पिऊन त्रास देतो, तेथे कर्मचारी मुक्कामास नाखूष असतात आणि काही काळाने गाडी बंद होते. मग आपण आगारावर मोर्चा नेतो. मोर्चा जरूर न्यावा, पण त्याआधी आपल्या वाट्याचे काम झाले आहे काय, हे पाहावे.

येथे स्वयंसेवा कोणत्या कामासाठी मागावी?

युरोपातील स्वयंसेवक चालक बहुतेक निवृत्तिवेतनधारक असतात. सातपुड्यातील शेतमजुराकडून आठवड्यातून एक पूर्ण दिवस बिनमजुरीने मागणे योग्य नाही. दिवाळीनंतर आपल्याकडील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये जातात. जे मागे राहतात त्यांच्यावर घर, जनावरे आणि म्हाताऱ्यांचा भार असतो. म्हणून गाडी चालविणाऱ्यास मजुरी द्यावीच. स्वयंसेवा मागावी ती लहान, वाटून घेता येणाऱ्या कामांसाठी. एकमेकांच्या शेतावर व घरबांधणीला जाण्याची लाहाची रीत सातपुड्यात आहे, देशावर तिलाच इर्जिक किंवा सावड म्हणतात. तीच रीत फेरीसाठी वापरावयाची आहे.

त्यासाठी गावात पाच ते सात जणांची फेरी समिती करावी. प्रत्येक पाड्याचा एक माणूस असावा. किमान दोन महिला असाव्यात, कारण बाजार, दवाखाना आणि मुलींची शाळा यांची वेळ त्यांनाच नेमकी माहीत असते. समितीने पुढील कामे करावीत.

१) प्रवाशांची मोजणी : एक महिनाभर रोज कोण, कोठे, किती वाजता जातो याची वहीत नोंद ठेवावी. पाडा, प्रवाशाचा प्रकार (विद्यार्थी, महिला, ज्येष्ठ, इतर), जाण्याचे ठिकाण, वेळ आणि सोबतचे ओझे असे रकाने पाडावेत. पास असलेले विद्यार्थी रोजच्या तिकीट-उत्पन्नात दिसतीलच असे नाही, म्हणून त्यांचा रकाना वेगळा ठेवावा.

२) भारमान काढणे : महामंडळ फेरीचा विचार भारमानावरून करते. हे गणित सोपे आहे. समजा, बस ४४ आसनांची आहे आणि जाताना ३१ व येताना २४ प्रवासी मिळतात. एकूण आसने ८८, प्रवासी ५५, म्हणजे भारमान ६२.५ टक्के. 'आमच्या गावाला बस पाहिजे' असे लिहिण्यापेक्षा 'सकाळी ६.३० च्या फेरीस सरासरी ३१ प्रवासी आहेत, वही सोबत जोडली आहे' असे लिहिलेला अर्ज अधिक वजनदार ठरतो.

३) हंगामी वेळापत्रक मागणे : स्थलांतराच्या काळात प्रवासी घटतात आणि पावसाळ्यापूर्वी माणसे परतली की वाढतात. बाराही महिने सारखीच फेरी मागितली तर चार महिने गाडी रिकामी धावते आणि त्या आकड्यांवरून ती बंद होते. त्याऐवजी हंगामानुसार कोणती फेरी अत्यावश्यक आणि कोणती आठवड्यातून तीन दिवस चालेल, हे गावाने स्वतःच सांगावे. शाळेची फेरी मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

४) रस्ता व वळण : बस वळविण्याइतकी सपाट जागा, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या, साइडपट्टीचे खड्डे, मोऱ्यांत अडकलेला गाळ यांची पाहणी मे महिन्यात करावी. फांद्या तोडणे, गाळ काढणे, वळणाची जागा मोकळी करणे ही कामे एका दिवसाच्या लाहात होतात. डांबर, मोरी व संरक्षक कठडा हे बांधकाम खात्याचे काम आहे. त्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने वेगळी करावी. दरड कोसळल्यास सर्वप्रथम कोणी, कोणाला कळवावयाचे हे ठरवून ते क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांकही तेथेच लिहावा.

५) मुक्कामाची खोली : समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची एक खोली, दिवा, पाणी, स्वच्छतागृह आणि कुलूप. देखरेखीची पाळी महिन्यागणिक बदलावी.

६) थांब्यापर्यंतची सोबत : दूरच्या पाड्यांवरील मुलींना सकाळी अंधारात थांब्यावर येताना व संध्याकाळी परतताना एका मोठ्या माणसाची सोबत मिळेल अशी पाळी लावावी. पंधरा घरे असतील तर एका घराकडे पंधरा दिवसांतून एकदाच पाळी येते. एवढ्या छोट्या कामावर एखाद्या मुलीचे दहावीचे वर्ष टिकते.

या सर्वांसह ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकांकडे द्यावा व पोच घ्यावी. फेरी सुरू झाल्यावर नोंदवही बंद करू नये. गाडी आली नाही तो दिवस व उशिरा आली ती वेळ त्यात लिहावी. तीन महिन्यांच्या नोंदीसह केलेली तक्रार टाळणे कोणालाही कठीण जाते.

मालासाठी गावची गाडी : आधी हिशेब

प्रवासी एस.टी.ने गेले तरी मालाचा प्रश्न उरतो. आमचूर, सीताफळ, मोहाची फुले, भगर, मिरची हा माल बसमध्ये फार नेता येत नाही. येथे बचत गट, सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या मालकीच्या मालवाहू पिकअपचा विचार करता येतो. त्याचा हिशेब उदाहरणादाखल खाली दिला आहे. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या भागातील दर घालून तो पुन्हा मांडावा.

गाडीची किंमत ८,००,००० रुपये आणि आठ वर्षांनी विक्रीची किंमत १,६०,००० रुपये धरल्यास वार्षिक घसारा ८०,००० रुपये होतो. विमा, कर व योग्यता तपासणीचे ४०,००० रुपये धरू. म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी वर्षाला १,२०,००० रुपये खर्च होतो.

आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला साधारण १५० फेऱ्या झाल्या तर हा स्थिर खर्च फेरीमागे ८०० रुपये पडतो. जाऊन-येऊन ९० किलोमीटरला साडेसात लिटर डिझेल, लिटरला ९० रुपयांप्रमाणे ६७५ रुपये, चालकाची मजुरी ५०० रुपये आणि टायर-दुरुस्तीसाठी ४०० रुपये धरले तर एका फेरीचा एकूण खर्च २,३७५ रुपये होतो.

या फेरीत १२ क्विंटल माल गेला तर किलोला जवळजवळ २ रुपये खर्च येतो. ६ क्विंटलच गेला तर तो ४ रुपयांवर जातो. फेऱ्या निम्म्या, म्हणजे ७५ झाल्या आणि मालही ६ क्विंटलच राहिला तर किलोला ५ रुपये ३० पैसे लागतात. उलट १२ क्विंटल नेऊन परतीच्या वेळी ५ क्विंटल खत, बियाणे व किराणा आणला तर खर्च १७ क्विंटलवर विभागला जाऊन किलोला १ रुपया ४० पैसे एवढाच पडतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गाडी उभी ठेवणे हा सर्वांत मोठा तोटा आहे. परतीची फेरी रिकामी आणू नये. आणि घसाऱ्याची रक्कम दरमहा बँकेत वेगळ्या खात्यात टाकावी. बहुतेक सामुदायिक अवजारे व गाड्या याच एका चुकीने बंद पडतात. पहिली तीन वर्षे सर्व काही स्वस्त वाटते, चौथ्या वर्षी इंजिन काढावे लागते आणि तेव्हा खात्यात काहीच नसते.

वरील हिशेबात वर्षाला किमान शंभर फेऱ्यांइतका माल आपल्या पाड्यांतून निघत नसेल तर गाडी विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. एखाद्या पिकअपमालकाशी हंगामापुरता लेखी करार करावा. त्यात ठरलेले वार, ठरलेली वेळ, किलोमागे दर आणि गाडी न आल्यास पर्यायी व्यवस्था ही चार कलमे असावीत. अनेक गावांना एवढेही पुरेसे होते.

तोडणी फेरीशी बांधावी

फेरीचे वार ठरले की शेतीच्या कामांची आखणी त्यानुसार करावी.

सीताफळ : फळाचे डोळे उघडून त्यांमधील भाग पिवळसर-पांढरा दिसू लागल्यावर, फेरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा त्याच दिवशी पहाटे तोडणी करावी. उकललेली फळे गावातच गर काढण्यासाठी वेगळी ठेवावीत, गाडीत भरू नयेत.

आमचूर : कैरीच्या फोडी कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. वाळलेली फोड वाकविल्यास तुटली पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर शेवटच्या फेरीची वाट न पाहता माल तयार होईल तसा हवाबंद पिशव्यांत भरून पाठवावा. हवेतील ओल शोषून फोडी काळ्या पडतात.

मिरची : नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि व्यापारी ती पथारीवर वाळवितात. ओली मिरची पोत्यात दाबून रात्रभर ठेवल्यास ती तापते, सडते व रंग उतरतो. म्हणून तोडणी व फेरी यांत एका रात्रीपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. अवकाळी पावसाची शक्यता असल्यास तोडणीच पुढे ढकलावी.

मोहाची फुले : ओलसर फुले भरल्यास आंबतात. खडखडीत वाळल्यावरच पाठवावीत. वाळलेला माल टिकतो, म्हणून गाडीत जागा कमी असेल तेव्हा तो मागे ठेवून नाशवंत मालाला पहिली जागा द्यावी.

हा क्रम समितीने आधीच ठरवून लिहून ठेवावा. गाडी उभी असताना कोणाचे पोते आधी, यावरून होणारी भांडणे त्यामुळे टळतात.

कायदा व विमा : या चुका टाळाव्यात

१) पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडे घेऊन प्रवासी नेऊ नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भाड्याच्या प्रवासी वाहतुकीस परवाना लागतो. ठिकठिकाणी थांबून तिकिटावर प्रवासी घेण्याची टप्पा वाहतूक आपल्या राज्यात मुख्यत्वे एस.टी.कडे आहे. म्हणून गावाने स्वतःची तिकीट-बस काढण्याचा खटाटोप करू नये.

२) मॅक्सी कॅब म्हणून नोंदलेल्या गाडीत चालकाशिवाय जास्तीत जास्त १२ प्रवासी नेता येतात. गाडीच्या नोंदणीत जी संख्या असेल तीच पाळावी. अपघात झाल्यास विमा कंपनीची जबाबदारी त्या संख्येपुरतीच राहते. टपावरचा तेरावा माणूस अक्षरशः देवाच्या भरवशावर असतो.

३) मालवाहू गाडीत माणसे नेऊ नयेत. १९९४ च्या दुरुस्तीनुसार मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात येतो, तोही चालकाशेजारी केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे. फुकट बसविलेल्या इतर प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. हौद्यात मिरचीच्या पोत्यांवर बसलेल्या शेजाऱ्याला काही झाले तर भरपाईचा भार गाडीच्या मालकावर, म्हणजे आपल्या गटावरच येतो.

४) ट्रॅक्टरचा विमा बहुधा शेतीकामापुरता असतो. लग्नाचे वऱ्हाड, यात्रा किंवा बाजारासाठी ट्रॉलीत माणसे भरू नयेत.

५) मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त भरणाऱ्या मालवाहू गाडीस परवाना लागतो. गाडी घेताना नोंदणीपुस्तकातील हा आकडा पाहावा. विमा, योग्यता प्रमाणपत्र व चालकाचा परवाना यांच्या मुदतीच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात.

६) ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरून घाट उतरू नये. ब्रेक तापतात आणि वळणावर गाडी आवरत नाही. पाऊस व धुके असताना फेरी रद्द करण्याचा अधिकार चालकाला द्यावा आणि त्यासाठी त्याला दोष देऊ नये.

सारांश

लोकांनी चालविलेल्या बससेवेचे मर्म गाडीच्या मालकीत नाही. ते वेळेच्या जबाबदारीत आहे. इतर देशांत गाव, बसकंपनी आणि शासन या तिघांनी आपापला वाटा उचलला तेथे ती टिकली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ अखेरीस सुरू झालेला एस.टी.चा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांत एस.टी.वाचून डोंगरी भागाचे काय होते हे आपण पाहिले आहे. त्या सेवेला पर्याय उभा करण्याच्या मागे लागण्यापेक्षा तिला आपल्या पाड्यापर्यंत आणणे व टिकविणे हे गावाच्या आवाक्यातील काम आहे.

आमच्या शिवारफेरीची वेळ आता आम्ही बदलली आहे. कार्यक्रम सकाळच्या गाडीने येणाऱ्यांना गाठता येईल असा लवकर सुरू होतो आणि दोनच्या आत संपतो. आपणही एवढीच सुरुवात करावी. येत्या सोमवारी दोन रुपयांची पेन्सिल आणि शाळेची एक वही घेऊन कोणीतरी थांब्यावर उभे राहावे व किती माणसे, किती ओझी, किती वाजता, हे लिहावे. महिनाभराने ती वही ग्रामसभेत उघडली की पुढचे काम काय, हे तीच सांगेल.